बॉक्स परत द्यायच्या आधी

सांगली, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुला फोनवर म्हटलेलं की या महिन्याचं केबलचं बिल भरतो, बॉक्स परत करतो आणि तू म्हणतोस तसं अॅपवर जाऊन मोकळा होतो, त्याला आता तीन आठवडे झाले आणि बॉक्स अजून टीव्हीखालीच आहे. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा बघतो बघतो करून टाळलं. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं रे, मध्येच तुझी मीटिंग लागते नाहीतर माझ्याकडे दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणून आज दुकान बंद करून आल्यावर लिहायला बसलोय. लांबलचक होईल पण शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी तुझ्या घरचा विषय आहे.

आधी पैशाचं. तू सांगितलंस तसा कागद-पेन घेऊन बसलो. आमचं केबलचं बिल महिन्याला ३५०, म्हणजे वर्षाचे ४२००. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम लागू झाला तेव्हा केबलवाले दादा फॉर्म घेऊन दारात आलेले, पाहिजे त्या चॅनलवर टिक करा म्हणाले, नुसत्या जोडणीचे १३० अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे आणि त्याच्यावर पैसेवाले चॅनल ज्याचे त्याचे वेगळे. घाईघाईत आम्ही केलेल्या टिका आजतागायत तशाच आहेत. स्पोर्ट्सचा पॅक आहे, हिंदी सिनेमांचा आहे, कार्टूनचे दोन चॅनल आहेत आणि पोरगी आता अकरावीला आहे! एचडी चॅनल घेतला तर तो दोन चॅनल म्हणून मोजायचे हेही मला आत्ता कळलं. म्हणजे बिल जास्त येतं त्याला केबलपेक्षा आमचं न बघणं कारणीभूत होतं.

मग दुसऱ्या बाजूचा हिशोब मांडला. इंटरनेट घरी आहेच, पोरीच्या क्लाससाठी घेतलेलं, ते धरत नाही. नेटफ्लिक्सचा १४९ वाला प्लॅन फक्त मोबाइल नाहीतर टॅबवर चालतो, टीव्हीवर बघायचं तर १९९ चा, त्याचे वर्षाचे २३८८. प्राइमचे १४९९, आणि त्यातही २०२५ च्या जूनपासून जाहिराती सुरू झाल्या, नको असतील तर वरचे पैसे वेगळे. इथंच ३८८७ झाले आणि एवढ्यात आईची रोजची एकही मराठी मालिका येत नाही! त्यासाठी झी मराठी पाहिजे तर झी५, सोनी मराठी पाहिजे तर सोनी लिव्ह, प्रवाह आणि कलर्स मराठी पाहिजे तर जिओहॉटस्टार. ही दोन आधी दोन अॅपमध्ये होती, १४ फेब्रुवारी २०२५ ला ती अॅपं एक झाली म्हणून तेवढं तरी एकत्र आलं. चार चॅनलला तीन अॅप, तीन पासवर्ड, तीन वेगवेगळ्या तारखा. तू म्हणतोस स्वस्त पडतं, तुला पडत असेल, कारण तुम्ही दोघं इंग्रजी सिरीज बघता आणि मराठी मालिकांशी तुमचा संबंध नाही. आमच्या घराचं गणित वेगळं निघालं.

शिवाय एका अॅपने मला चांगलाच चटका दिला. एक महिना बघू म्हणून यूपीआयवरून घेतलेलं, ऑटोपे चालू राहिलेलं, आणि एका सकाळी पूर्ण वर्षाचे पैसे कापून गेले. आदल्या दिवशी मेसेज येतो म्हणे, आला असेल, दुकानात दिवसाला पन्नास मेसेज येतात. फोन लावायला नंबर नाही, चॅटवर कुणीतरी मशीनसारखं तेच तेच उत्तर देत होतं. केबलवाल्याशी मी रस्त्यात थांबवून बोलू शकतो, इथं बोलायचं कुणाशी? तू पण यूपीआय अॅपमध्ये जाऊन ऑटोपेची यादी एकदा बघून घे.

तरी तुझा शब्द होता म्हणून आठवडाभर प्रयोग केला. केबलच्या बॉक्सचा अॅडॉप्टर काढून ठेवला आणि टीव्हीवर अॅप चालवायची तू दिलेली स्टिक लावली. आमच्या हिला आणि पोरीला काहीच फरक पडला नाही, उलट खूश. मला क्रिकेटची धास्ती होती. तुला २९ जून २०२४ ची वर्ल्डकपची फायनल आठवते ना, शेवटची ओव्हर, १६ पाहिजे होते, हार्दिकच्या हातात बॉल. त्या रात्री पावसानं आमची केबल गेलेली आणि मी अॅपवर मॅच लावलेली. माझ्या स्क्रीनवर हार्दिक अजून रनअपच्या टोकाला उभा होता आणि खालच्या मजल्यावरून आणि पलीकडच्या बिल्डिंगमधून एवढी आरोळी उठली की माझ्या अंगावर काटा आला. मिलरचा कॅच सूर्यानं बाउंड्रीवर घेतला हे मला बॉल पडायच्या आधी कळलं. बघितला तेव्हा आनंद झालाच, पण ओरडायची वेळ निघून गेलेली. नंतर एकानं मला समजावलं की अॅपवर व्हिडिओ छोट्या छोट्या तुकड्यांत येतो, थोडे तुकडे आधी जमा होतात आणि मग चालू होतं, म्हणून तो मागे राहतो, आणि केबलचा सिग्नल त्यामानानं सरळ येतो. तुझ्या सोसायटीत सगळेच अॅपवर बघतात म्हणून तुला जाणवत नसेल. मला राहून राहून ९६ ची आठवण येते, तुमच्याकडे पाकिस्तानची क्वार्टर फायनल, प्रसादनं आमिर सोहेलचा स्टंप उडवला आणि पूर्ण गल्ली एकदम बाहेर आली. तुझ्या आईनं, आमच्या काकूंनी, परातभर भडंग केलेलं आणि त्या उड्यांमध्ये परात उपडी झाली, तरी काकू रागावल्या नाहीत, त्या पण टाळ्या वाजवत होत्या.

आता आईचं सांगतो. तिच्या रिमोटवरचे आकडे कधीच पुसलेत पण बोटाला माहिती आहेत. उशाशी वहीचं एक पान आहे, त्यावर तिच्या अक्षरात चॅनलची नावं आणि पुढे नंबर, सह्याद्रीला ती अजून दूरदर्शनच म्हणते आणि तसंच लिहिलंय. नंबर दाबला की चॅनल हजर. स्टिकच्या रिमोटला आकडेच नाहीत, एक गोल कडी, ती दाबली की स्क्रीनवरचा चौकोन एक घर सरकतो. पहिल्या दिवशी तिनं टीव्ही लावला तर इंग्रजीत विचारलं कोण बघतंय आणि खाली चार चेहरे. ती मला हाक मारून विचारते, हे कोण रे सगळे? मी सांगितलं, यातला एक चेहरा तुझा समजायचा. मग चौकोन सरकवता सरकवता जरा थांबली तर तिथं आपोआप कुठल्यातरी मारामारीच्या सिनेमाची झलक मोठ्यानं सुरू झाली, ती दचकली आणि जे बटण हाताला लागलं ते दाबलं, सगळं बंद. तिनं रिमोट टीपॉयवर ठेवून दिला आणि म्हणाली, राहू दे, बिघडेल माझ्या हातनं काहीतरी. बंड्या, पंचाहत्तर वर्षांची बाई, जिनं आयुष्यभर घर चालवलं, तिला आपल्याच घरातल्या वस्तूची भीती वाटावी हे मला अजिबात बघवलं नाही.

पण मी खोटं लिहिणार नाही, चौथ्या दिवसापासून जमायला लागलं. पोरीनं रोज कॉलेजमधून आल्यावर तिला शेजारी बसवून शिकवलं. दूध उतू जातंय म्हणून मालिका थांबवता येते याचं तिला फार अप्रूप. लग्नाला गेल्यामुळे हुकलेले तीन भाग तिनं दुपारी बसून बघितले. आणि रात्री टीव्हीवर येणारा भाग अॅपवर सकाळीच मिळतो हे कळल्यावर तर चहा घेता घेताच बघायला लागली. मी मनात म्हटलं झालं, जिंकलो, उद्या बॉक्स परत.

त्याच रात्री नऊ वाजता ती उगाच फोनजवळ घुटमळत होती. तुला माहितीये ना, आई आणि काकूंचा नऊचा फोन, किती वर्षांचा. मालिका संपली की पाच मिनिटांत कुणीतरी एक लावणार, आणि त्या सुनेनं असं करायला नको होतं इथून सुरू होऊन गुडघे, औषधं, तुझा फोन आला का, माझं दुकान कसं चाललंय इथपर्यंत. मी विचारलं, लाव की काकूंना. तर म्हणाली, मी सकाळीच बघून बसलेय, आता त्यांना काय सांगू, आणि तसाही त्यांचा फोन आता येत नाही, महिना होत आला.

ते ऐकून मी गुरुवारी दुकानातनं येताना विश्रामबागला काकूंकडे गेलो. हे वाचताना शांतपणे वाच. तब्येत छान आहे, काळजी करू नकोस, चहा केला, भडंग दिलं, खिशात पोरीसाठी वेगळी पुडी कोंबली. हॉलमध्ये आकाशवाणी सांगली लावलेली होती आणि टीव्हीवर क्रोशाचं कव्हर घातलेलं. काकू, टीव्ही का बंद? तर म्हणाल्या, बिघडलाय जरासा. कव्हर काढून लावला, टीव्ही उत्तम चालू होता. अॅप लॉगआउट झालेलं होतं आणि मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल असं लिहून आलेलं. नंबर तुझा. ओटीपी पुण्याला तुझ्या फोनवर.

मग हळूहळू सांगितलं. पहिल्यांदा झालं तेव्हा तुला फोन केलेला, तू कामात होतास, अर्ध्या तासानं आकडे सांगितलेस तोवर ते चालेनासे झालेले. दुसऱ्यांदा तू लगेच सांगितलेस पण रिमोटनं एकेक आकडा टाकताना एक चुकला आणि परत फोन करायला त्यांना जिवावर आलं. तिसऱ्यांदा केलाच नाही. त्याला सारखं सारखं कशाला, तिकडं त्याला थोडा व्याप आहे का, असं म्हणाल्या. तेवीस दिवस, बंड्या. त्यांनी कॅलेंडरवर काही खूण केली नव्हती, पण बंद पडला तो एकादशीचा दिवस होता हे त्यांना पक्कं आठवत होतं. आणि मालिका पुढे काय झाली ते माहीत नाही म्हणून आईला फोन करायला पण त्या टाळत होत्या. इकडे आई पुढचं बघून बसलेली म्हणून गप्प, तिकडे काकू मागे राहिल्या म्हणून गप्प.

मी तिथूनच तुला फोन लावत होतो, त्यांनी हात धरला आणि सांगू नकोस म्हणाल्या. तरी सांगतोय. तू त्यांच्यासाठी नवीन टीव्ही घेतलास, वायफाय बसवलंस, स्वतः दोन दिवस राहून सगळं जोडून दिलंस, त्यात तुझी माया आहे हे मला दिसतं आणि त्यांना तर माझ्याहून जास्त दिसतं, म्हणून तर त्या बोलत नाहीत.

मी आमच्यापुरतं ठरवलंय. केबल ठेवतोय, पण नुसती आईच्या टीव्हीची. काल केबलवाले दादा आले, तेच, गेली वीस वर्षं तेच येतात, दाताने वायरीचं काळं कव्हर सोलून कनेक्टर बसवणारे. त्यांच्याशी बसून जुन्या टिका खोडल्या, स्पोर्ट्स गेला, हिंदी गेलं, एचडी गेलं, मराठीचा पॅक आणि बातम्या राहिल्या, बिल २४० वर आलं. बातम्या तशा यूट्यूबवर फुकट लाइव्ह असतात, पण पावसाळ्यात आई दिवसभर कोयनेतनं किती पाणी सोडलं तेच बघत बसते, २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं तिच्या डोक्यातनं जात नाही, त्या वेळी तिला चौकोन सरकवत बसायला लावणं बरं नाही. हॉलमध्ये तुझी स्टिक राहील आणि एका वेळी एकच अॅप, ते बघून झालं की बंद करून दुसरं, ऑटोपे कुठेच नाही. दादा सांगत होते की गल्लीतले निम्मे बॉक्स परत आलेत, आता ते पण केबलसोबत इंटरनेट विकतात. दूरदर्शनच्या फ्री डिशचा विचार मी करून बघितला होता, ताईकडे गावाला आहे, महिन्याचा एक रुपया नाही, पण आईच्या मुख्य मालिका त्यावर येत नाहीत.

आता तुझ्याकडे मागणं. काकूंचा जुना बॉक्स माळ्यावर पिशवीत आहे, वायर खिडकीपर्यंत अजून शाबूत आहे, मी बघून आलोय. दादा म्हणाले तोच बॉक्स चालेल, रिचार्ज मारला की दहा मिनिटांत चालू. स्टिक काढायची नाही, तू येशील तेव्हा लागेल, आणि काकूंना पण सिनेमे आवडतात. फक्त त्या अॅपचं लॉगिन त्यांच्या स्वतःच्या नंबरवर करून घे, त्यांच्या साध्या फोनवर ओटीपी येतो आणि आकडे टाकायला मी किंवा पोरगी जाऊ, चालत दहा मिनिटांचा रस्ता आहे. पैसे मी भरतो, तुझ्याकडून नंतर घेईन, त्यावरून वाद घालू नकोस.

काकूंना मी यातलं काही बोललेलो नाहीये. तू आधी त्यांना फोन कर, टीव्हीचा विषय काढू नकोस, सहज कर. आणि मला नुसतं हो एवढा मेसेज टाक, म्हणजे बुधवारी दुकान लवकर बंद करून दादांना घेऊन जातो. मालिका साडेआठला लागते, त्याच्या आत जोडून झालं पाहिजे म्हणजे नऊचा फोन त्याच दिवशी होईल.

तुझाच,
पिंट्या