नाझींना चर्चमध्ये जागा कोणी दिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने लिहिले होते, की नाझी देवधर्म न मानणारे होते, ख्रिस्ती माणसांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. मी स्वतः ख्रिस्ती आहे, पुण्यातल्या एका मंडळीची, म्हणजे चर्चच्या समुदायाची, सभासद आहे, आणि सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. ते विधान वाचून राहवले नाही.

नाझी पुढाऱ्यांत चर्चचा मनापासून तिरस्कार करणारे लोक होते, हे खरेच आहे. पण जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी त्यांना स्वतःहून जवळ केले, हेही तितकेच खरे आहे. १९३२ मध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची एक चळवळ पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, नाझी पुढाऱ्यांच्या साथीने उभी केली. तिला ख्रिस्त हवा होता, पण यहुदी नसलेला. २३ जुलै १९३३ रोजी चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलरने रेडिओवरून या चळवळीला पाठिंबा दिला, आणि तिला दोन-तृतीयांशांहून अधिक मते पडली. ही मते गुंडांची नव्हती. दर रविवारी बाकावर बसणाऱ्या, मुलांना दहा आज्ञा पाठ करून घेणाऱ्या लोकांची होती. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चची महासभा भरली तेव्हा कितीतरी प्रतिनिधी नाझींचा तपकिरी गणवेश घालूनच आले. ज्यांच्या घराण्यात यहुदी रक्त आहे किंवा ज्यांची पत्नी यहुदी आहे, अशा पाळकांना काढून टाकायचे, असा ठराव त्यांनी केला. असे पाळक होते मूठभर. तरी ठराव झाला.

मला सगळ्यात जास्त छळते ती बाप्तिस्म्याची नोंदवही. सरकारी नोकरी टिकवायची तर आपले आजी-आजोबा यहुदी नव्हते, हे सिद्ध करावे लागे. सगळ्या जर्मनीत सरकारी जन्मनोंद सुरू झाली ती १८७६ मध्ये. त्याआधीचा पुरावा एकाच ठिकाणी होता, चर्चच्या कपाटात. गावोगावचे पाळक वह्या उघडून बसले, दाखले लिहून देऊ लागले. आमच्याकडेही अशी वही असते. माझे नाव, आईवडिलांचे नाव, धर्ममातापित्यांची नावे, पाळकांची सही. लहानपणी ती वही पाहिली की वाटायचे, देवाच्या पुस्तकात आपले नाव लागले आहे. जर्मनीत त्याच वहीतून शोधून काढले गेले, की कोणाचा आजोबा यहुदी होता आणि पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला.

पुढे काय झाले? डिसेंबर १९४१ मध्ये जर्मनीतल्या सात प्रांतिक चर्चच्या प्रमुखांनी जाहीर केले, की यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना आमच्या चर्चमध्ये जागा नाही. तोवर या माणसांच्या छातीवर पिवळा तारा शिवला गेला होता आणि गाड्या पूर्वेकडे निघू लागल्या होत्या. ज्या हातांनी बाप्तिस्म्याचे पाणी घातले, त्याच हातांनी दाराबाहेर काढले.

त्याआधी, १९३९ मध्ये, आयझेनाख या गावी एक संस्था निघाली होती. जर्मन चर्चमधून यहुदी प्रभाव पुसून टाकणे, हे तिचे उघड काम. तिचे उद्‌घाटन झाले वार्टबुर्गच्या किल्ल्यात, जिथे मार्टिन लूथरने बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद केला त्याच किल्ल्यात. तिथल्या पंडितांनी नवा करार पुन्हा छापला, यहुदी खुणा गाळून. गीतांच्या पुस्तकातून यहुद्यांच्या हिब्रू भाषेतले शब्द गाळले: ‘हालेलुया’ काढले, ‘सियोन’ काढले, ‘होसान्ना’ काढले. आम्ही ख्रिस्ती झावळ्यांच्या रविवारी जे गातो, तेच. संस्थेचे प्रमुख अभ्यासक वाल्टर ग्रुंडमन यांना युद्धानंतर पुन्हा चर्चमध्येच शिकवण्याचे काम मिळाले.

माझ्या आईचे माहेर रेवदंड्याचे. शेजारी बेने इस्रायली कुटुंब होते. म्हणजे कोकणातले यहुदी, ज्यांना तिथे शनवार तेली म्हणत. त्यांच्या घरात मालिदा हा विधी झाला की पोहे, खोबरे, फळे यांचे ताट आमच्याकडे यायचे आणि आजी ते डोक्याला लावून घ्यायची. मालिदा असायचा एलिया संदेष्ट्याच्या नावाने, आणि एलियाची गोष्ट आम्हीही रविवारच्या शाळेत ऐकायचो. त्यांचा एलिया आणि आमचा एलिया वेगळा आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या एका सभेत वीस हजार लोकांसमोर ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीचाच एक पुढारी म्हणाला, की जुना करार फेकून द्या. एलियाची गोष्ट त्याच जुन्या करारातली. मला हे वाचताना त्या ताटाची आठवण होते.

सगळे वाहवत गेले असे नाही. पाळक मार्टिन नीमोलर यांनी सप्टेंबर १९३३ मध्ये विरोधी पाळकांची संघटना बांधली, पुढे जवळजवळ आठ वर्षे तुरुंगात आणि छळछावणीत काढली. पण त्यांनीही सुरुवातीला नाझींनाच मत दिले होते. मे १९३४ मध्ये बार्मेन या गावी विरोधी मंडळींनी काढलेला जाहीरनामा धीराचा होता, तरी त्यात यहुद्यांबद्दल अवाक्षर नाही. पाळक डीट्रिख बॉनहॉफर बोलले, आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेले. कॅथलिक चर्चने १९३३ मध्ये हिटलरशी करार केला आणि निषेधाचे पत्रक काढायला १९३७ उजाडले.

बर्लिनच्या मारीनडोर्फ भागात १९३५ साली बांधून झालेले एक चर्च अजून उभे आहे. त्याच्या व्यासपीठावरच्या कोरीवकामात येशूचे ऐकणाऱ्यांमध्ये शिरस्त्राण घातलेला सैनिक आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडावर नाझी दलाचा शिपाई कोरला आहे. युद्धानंतर स्वस्तिके खरवडून काढली, बाकीचे बरेचसे तसेच राहिले. हे शिपाई कोणी जबरदस्तीने आणून बसवले नव्हते. मंडळीने स्वतःच करून घेतले होते.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण आमच्या मंडळीचा व्हॉट्सॲप गट. महिन्यापूर्वी कोणीतरी एक परदेशी चित्रफीत टाकली. सुरुवातीला क्रूस, मंद भक्तिगीत, मग युरोपात आलेल्या स्थलांतरितांची चित्रे आणि त्यांच्याबद्दल ‘कीड’ हा शब्द. खाली पटापट ‘आमेन’ पडले. मी मोजले, तेवीस. देणाऱ्यांत मला पाळण्यात असल्यापासून ओळखणारी माणसे होती, आजारपणात डबा आणून देणारी. मी विचारले, हे आपण आमेन कशाला म्हणतो आहोत? उत्तर आले, ‘ताई, गटात राजकारण नको.’ या देशात आपण ख्रिस्ती शंभरात जेमतेम दोघे-तिघे. आपल्याविरुद्ध असा शब्द कोणी वापरला तर काळजात काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. तरीही तेवीस आमेन.

आमच्या पाळकांनी ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी काढून टाकली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्यानंतर चार रविवार गेले, उपदेशात त्यावर एक शब्द नाही. निषेधाचा शब्द व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर निघायला हवा, आणि फक्त माझ्याच मंडळीत नव्हे, जिथे जिथे ही चित्रफीत पोचली त्या प्रत्येक मंडळीत. माझे म्हणणे गटात कोणी ऐकून घेतले नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राचा आधार घेते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे