यंत्र न पाहता माहितीपुस्तिका

महोदय,

टेक्निकल रायटरांवरचा, म्हणजे यंत्रांची मॅन्युअलं लिहिणाऱ्यांवरचा, कालचा लेख वाचला. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्यांकडे, त्यातही परदेशातल्या स्वस्त टीमकडे काम दिलं की मॅन्युअलं सदोषच निघणार, असं आपल्या लेखकमहाशयांचं निदान. रोग्याला हात न लावता केलेलं दिसतं.

मी साहित्याचा पदवीधर. काम ‘बाहेर’ जातं म्हणतात, ते ज्यांच्या टेबलावर येऊन पडतं त्यांच्यापैकी एक. प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाचं मॅन्युअल मी उपकरण न पाहता लिहिलं आहे. हाताशी जुनी पीडीएफ आणि काही धुरकट स्क्रीनशॉट. यंत्र थांबवताना आधी झडप बंद करायची की वीज, एवढंच विचारलं होतं. ज्याने यंत्र बनवलं त्याच्याशी थेट बोलायची मुभा नाही. प्रश्न आमच्या मॅनेजरकडून त्यांच्या मॅनेजरकडे, तिथून पुढे. उत्तर आलं तोवर मॅन्युअल छापून झालेलं. आणि उत्तर काय, तर ‘जुन्या मॅन्युअलप्रमाणे’. अहो, जुन्या मॅन्युअलमध्ये दोन पानांवर दोन वेगळे क्रम होते, म्हणून तर विचारलं! शेजारी बसणारी सहकारी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिलाही ती झडप पदवीच्या जोरावर दिसली नाही.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचं प्रकरण लेखकांना ठाऊक असेलच. १९८६ मध्ये त्याच्या पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला. मूळ दोष सॉफ्टवेअरचा, पण त्या आकड्याचा अर्थ ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये नव्हताच. ऑपरेटरने ‘पी’ दाबून उपचार पुढे चालू ठेवला. रुग्ण पुढे दगावला. डोस फार कमी किंवा फार जास्त, असा तो संदेश होता. मशीनपाशी बसलेल्या बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. इथे कुणाची पदवी तपासायची?

विमानांच्या देखभालीची मॅन्युअलं ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’च्या नियमांनी लिहितात. ठरलेले शब्द, छोटी वाक्यं. ती शिस्त इंजिनिअरलाही मुद्दाम शिकावी लागते. पण प्रशिक्षणाला पैसे लागतात, आणि पैसे वाचवायलाच तर काम बाहेर पाठवलेलं असतं.

ता. क. : अचूक सूचनांचं महत्त्व सांगणाऱ्या या लेखाखाली ‘उर्वरित मजकूर पान ८ वर’ असं छापलं होतं. पान ८ वर शेअर बाजाराचे तक्ते होते. उर्वरित मजकूर कुठे आहे, ते कृपया कळवावे.

— एक टेक्निकल रायटर