काचबिंदूच्या थेंबांच्या बाटलीतील सदोष नोझलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग

महोदय,

आपल्या लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूवरील थेंबांच्या 2.5 मिलीच्या बाटल्या सोलापुरातील आमच्या नेत्र रुग्णालयाच्या औषध विभागातून रुग्णांना दिल्या जातात. औषधाच्या गुणाबद्दल तक्रार नाही. तक्रार बाटलीच्या तोंडाबद्दल आहे.

एकाच बॅचच्या दोन नव्या बाटल्या उघडून, सरळ उलट्या धरून प्रत्येकी 10 थेंब इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजले. एकीचे 0.32 ग्रॅम भरले, दुसरीचे 0.52. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब म्हणजे महिन्याला 60 थेंब. पहिली बाटली साधारण 78 थेंब देईल. दुसरी 48 थेंबांत, चोविसाव्या दिवशीच संपेल. हातात पैसे येईपर्यंत रुग्ण उरलेले दिवस थेंबांविना काढतात, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

दोषाचं मूळ टोपीत आहे. टोपी घट्ट फिरवली की आतला काटा नोझलला भोक पाडतो, अशी आपली रचना. अर्धवट फिरवली तर थेंब येतच नाही आणि बाटली दाबत राहिलं की एकदम दोन-तीन पडतात. जास्त जोर लावला की भोक रुंदावतं. विड्या वळून बोटं आखडलेल्या आजींना तर टोपी फिरवताच येत नाही. मग घरातलं कुणीतरी शिवणाची सुई नाहीतर सेफ्टीपिन खुपसतं. भोकाची कड फाटते आणि निर्जंतुक औषधात जंतू जातात.

डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर, म्हणजे वजनाने सुमारे 0.03 ग्रॅम औषध मावतं; दुसऱ्या बाटलीचा एक थेंबच 0.052 ग्रॅमचा आहे. बाकीचं गालावर ओघळतं, पापण्यांभोवतीची त्वचा काळवंडते. अशाच बाटलीतून आपण टिमोलॉल हे काचबिंदूचं दुसरं औषधही विकता, हे अधिक गंभीर आहे. जादा औषध अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी मंदावते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा 2 मिनिटं दाबायला आम्ही प्रत्येकाला शिकवतो, पण त्याने बाटलीचा दोष झाकला जाणार नाही.

आमच्या मागण्या: या बॅचच्या बाटल्या बदलून द्याव्यात. पुढच्या मालाला कारखान्यातच भोक पाडलेलं, 30 मायक्रोलिटरच्या आत थेंब देणारं नोझल आणि बाटली आधी उघडली असल्यास कळेल अशी सीलची कडी असावी. माहितीपत्रक मराठी, कन्नड आणि तेलुगूत, चित्रांसह व ठळक अक्षरांत छापावं. सध्याचं बारीक इंग्रजी आमच्या रुग्णांच्या उपयोगाचं नाही.

मोजणीच्या दोन्ही बाटल्या, बॅच क्रमांकासह, तपासणीसाठी जपून ठेवल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे त्या सुपूर्द करू.

आपला,
प्रमुख, औषध विभाग
सोलापूर