शफल आणि आवाजाची उडी

संपादक महोदय,

संग्रहातली गाणी शफलवर लावली की 'तेच तेच लागतं' ही नेहमीची तक्रार. १०० गाण्यांतून दरवेळी नव्याने एक उचललं, तर १३ गाण्यांतच एखादं पुन्हा लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पत्त्यांसारखी आख्खी यादी एकदाच पिसणारा प्लेअर हवा.

खरा रसभंग आवाजाचा. जुनं ध्वनिमुद्रण हळू, पाठोपाठ नवं कानठळ्या बसवणारं! फायलींवर रिप्लेगेन (गाण्यांच्या आवाजाची पातळी मोजून वाजवताना ती सारखी करणारी सोय) चालवा. मोजमाप टॅगमध्ये, म्हणजे फायलीतल्या माहितीच्या नोंदीत, लिहिलं जातं, मूळ ध्वनीला धक्का लागत नाही. प्लेअरमध्ये 'ट्रॅक' पर्याय निवडा. 'अल्बम' ठेवल्यास त्यातली हळू गाणी हळूच राहतात. मैफलीचे सलग तुकडे मात्र शफलमधून वगळलेलेच बरे. आलापामागून भलतंच गाणं कोण सोसेल?

— एक श्रोता