अव्या, हे तूच तिच्या डोक्यात भरवलंस

प्रिय अव्या,

माईंच्या वर्षश्राद्धाला माझा फोनसुद्धा आला नाही म्हणून तू चिडला असशील. चीड. तुझा तो हक्कच आहे. माझी तब्येत बरी आहे, साखर गोळीवर आहे, गुडघे वयाला शोभतील असे आहेत. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे मी इथे कुणाला सांगितलं तर लोक नुसते ‘किती छान’ म्हणतात.

सई केरोत घर घेतेय.

केरो म्हणजे इलिनॉय राज्याचं अगदी दक्षिणेचं टोक. आमच्या सेंट लुईसहून गाडीनं अडीच तास. नाव इजिप्तच्या कैरोवरून उचललेलं. एका बाजूनं मिसिसिपी येते, दुसरीकडून ओहायो, आणि दोघींच्या बेचक्यात हे गाव. सई कार्बनडेलहून तासभर गाडी हाकत तिथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून जाते. गावात इस्पितळ नाही. होतं, ते १९८० च्या दशकातच बंद पडलं. नोकरी मला मान्य आहे, ये-जासुद्धा मान्य आहे. पण परवा फोनवर म्हणाली, ‘बाबा, वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या मागं एक घर बघितलंय, किंमत तुमच्या गाडीपेक्षा कमी आहे.’ मी म्हटलं, अगं, म्हणूनच घेऊ नये! यावर काय म्हणाली असेल? ‘अव्याकाका म्हणतो, पाणी येतं आणि जातं, पण माणूस उठला की गाव उठतं.’

लेका, आठवतंय का हे वाक्य कधीचं आहे? ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर, गावभागात तुझ्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर कृष्णामाई, आणि तू माळ्यावर गहू, गॅसची शेगडी आणि आप्पांचा फोटो घेऊन बसलेला. मी इथून बोंबलतोय की होडी आली की बस, आणि तू मला तत्त्वज्ञान ऐकवतोयस. फोन स्पीकरवर होता. शेजारी सई बसली होती, कॉलेजातली. तिच्या डोक्यात तेव्हा जे शिरलं ते आज बाहेर पडलं. तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, हे नोंदवून ठेव.

गेल्या महिन्यात तिनं मला तिथं नेलं. उत्तरेकडून गावात शिरताना रेल्वेच्या बांधाखालून रस्ता जातो आणि त्या बोगद्याच्या तोंडावर वर एक पोलादी दरवाजा टांगलेला असतो. साठ फूट रुंद, चोवीस फूट उंच, पाच फूट जाड, वजन ऐंशी टन. पूर चढला की तो खाली सोडायचा, म्हणजे सगळं गाव भिंतीच्या आत बंद. मी त्याच्याखाली गाडी थांबवून वर बघत बसलो तर सई म्हणाली, ‘बाबा, चला, मागं ट्रक आहे.’ इंजिनिअर माणसाला असलं काही दिसलं की पाय निघत नाही, तुला माहीत आहे. कोयनेच्या सहलीत पाटणकर सरांनी मला कॉलर धरून बसमध्ये बसवलं होतं.

टोकाला फोर्ट डिफायन्स आहे. १८६१ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेचा सेनापती ग्रँट इथं येऊन बसला आणि इथूनच फौजा नदीनं दक्षिणेत सोडल्या. गुलामगिरीतून पळून आलेली हजारो माणसं तेव्हा या गावाच्या आसऱ्याला आली. आज तिथं झाडं आहेत आणि चिखल आहे. मिसिसिपी गढूळ तपकिरी, ओहायो हिरवट, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही पाणी शेजारून चालतात, मिसळत नाहीत. संगमावर ओहायोचंच पाणी जास्त असतं, तरी पुढं नाव मिसिसिपीचं. (तुझ्या सासुरवाडीवर बोलणार होतो, राहू दे.) हरिपूरच्या संगमेश्वराच्या घाटावर आपण वारणेचं पाणी कुठलं यावर पैज लावायचो ना, तीच सईशी लावली आणि हरलो.

अशा जागी गाव वसवलं तर ते शिकागोच्या तोंडात मारेल असं सगळ्यांना वाटलं होतं. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुक नावाच्या गृहस्थानं कंपनी काढली, लंडनमध्ये रोखे विकले, आणि १८४० मध्ये लंडनची पेढीच बुडाली. आपल्या मन्याच्या पतसंस्थेचे पूर्वज म्हण. मग १८५० च्या दशकात रेल्वे आली आणि गावानं बाळसं धरलं. आगबोटींतून उतरून लोक आगगाडीत बसायचे, माल तसाच. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, गाड्या सरळ पलीकडे जाऊ लागल्या. पुढं मिसिसिपीवर मोटारींचा पूल झाला तो १९२९ मध्ये, म्हणजे आपला आयर्विन पूल झाला त्याच साली. आणि १९७८ मध्ये इंटरस्टेट ५७ या महामार्गाचा पूल गावाला वळसा घालून गेला. थांबायचं कारण एकेक करून संपत गेलं.

१९२० च्या जनगणनेत केरोत १५,२०३ माणसं होती. १९७० मध्ये ६,२७७. २०२० मध्ये १,७३३. तुझ्या ओंक्याच्या लग्नात तू याहून जास्त पत्रिका वाटल्या होत्यास. कमर्शियल अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, एका काळची बाजारपेठ, तिथं आता दोन घरांमध्ये गवताचे मोकळे तुकडे आणि फुटपाथवरून कुठंही न जाणाऱ्या पायऱ्या. सगळी अलेक्झांडर काउंटीच, म्हणजे आपला जिल्हा म्हण, अशी आहे. २०१० ते २०२० मध्ये तिची ३६ टक्के लोकसंख्या गेली. अख्ख्या अमेरिकेत टक्केवारीनं एवढी घट दुसऱ्या कुठल्या काउंटीत झाली नाही.

पण नुसत्या पुलांनी गाव मरत नाही, अव्या. सईच मला हे ऐकवत होती, आणि तेही कसं, मजा सांगितल्यासारखं. ११ नोव्हेंबर १९०९ ला विल्यम जेम्स नावाच्या काळ्या माणसाला हजारोंच्या गर्दीनं भर रस्त्यात, विजेच्या दिव्यांच्या कमानीखाली मारलं. कैद्याला राखलं नाही म्हणून गव्हर्नर डेनीननं शेरीफला घालवलं, आणि शेरीफ परत खुर्ची मागायला गेला तेव्हा इडा बी. वेल्स ही काळी पत्रकार स्वतः केरोत येऊन पुरावे गोळा करून त्याच्याविरुद्ध उभी राहिली. शेरीफ परत आला नाही. १९६२ मध्ये काळ्या पोरांनी पोहण्याच्या तलावात प्रवेश मागितला. त्यांना आत घेण्याऐवजी पुढं तलावच बंद झाला. १९६७ मध्ये रॉबर्ट हंट, एकोणीस वर्षांचा सैनिक, सुट्टीवर आलेला, पोलीस कोठडीत लटकलेला सापडला. मग १९६९ पासून बहिष्कार सुरू झाला: दुकानात काळी माणसं नोकरीला ठेवा, तरच आम्ही खरेदी करू. कित्येक दुकानदारांनी दुकानं बंद केली, पण माणसं ठेवली नाहीत. गल्ल्यावर पाणी सोडलं, हट्ट सोडला नाही. आपल्याकडं पाणवठ्यावरून काय काय झालं ते आठवलं आणि मी गप्प बसलो.

म्हणजे बघ, पाण्यापासून या गावाला सगळ्यांनी वाचवलं. २०११ च्या मे महिन्यात ओहायो ६१ फुटांच्या वर गेली, भिंत ६४ ची. तेव्हा लष्कराच्या इंजिनिअरांनी पलीकडे मिझुरीत बर्ड्‌स पॉइंटचा बांध सुरुंग लावून उडवला. एक लाख तीस हजार एकर शेती पाण्याखाली. मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टानं थांबवलं नाही. तुम्ही अलमट्टीच्या नावानं बोटं मोडता, इथं सरकारनं ठरवून एकाचं पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडलं. आणि त्या शेतांच्या मध्ये पिनहुक नावाची काळ्या शेतकऱ्यांची वाडी होती, ती गेली. केरो वाचलं, आणि त्यानंतरच्या जनगणनेत त्यातली हजारभर माणसं आपणहून कमी झालेली. त्यातली कितीतरी आपणहूनसुद्धा नाही: २०१७ मध्ये एल्मवुड आणि मॅकब्राइड या सरकारी चाळींतल्या सुमारे चारशे लोकांना घरं राहण्यालायक नाहीत म्हणून निघायला सांगितलं. घरांची देखभाल वर्षानुवर्षं कुणी केली नव्हती. गावात दुसरी घरं भाड्यानं मिळत नव्हती, मग लोक परगावी गेले, शाळेतली पोरं गेली.

आता सांग, अशा ठिकाणी बापानं पोरीला घर घेऊ द्यावं? मला पाण्याची भीती नाही. भिंत मी बोटानं ठोकून बघितलीय. मला भीती आहे ती पाचव्या वर्षी तिची बदली झाली, लग्न झालं, नुसतं मन उडालं, तर ते घर घेणार कोण? तू गावभागातला वाडा विकायला काढलास तर संध्याकाळपर्यंत दारात तीन बिल्डर असतील. सईला तिथं तिन्ही बाजूंना गवत आहे. मी तसं म्हटलं तर म्हणते, ‘म्हणूनच अंगण मोठं मिळेल.’

घर मी पाहिलं, खोटं कशाला सांगू. दोन मजली, पुढं ओसरीसारखा व्हरांडा, शिसवीसारखी काळी पडलेली जिन्याची कठडी, एका खोलीत छताचं प्लास्टर लोंबलेलं. खाली तळघरात पंप आहे. शेजारच्या आजीबाईंनी सईला नावानं हाक मारली आणि मला विचारलं की तुम्ही पण येणार का राहायला. तुझ्या माईंनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं तसंच, ताटात आणखी भात वाढता वाढता. तिथून निघताना सई मला विजयी नजरेनं बघत होती. मी रेडिओ लावला.

बरं, तुझं काय? ओंक्याची नोकरी लागली का? वहिनींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन पावसाच्या आत उरकून घ्या. वाड्याच्या मागच्या भिंतीला चुना काढून पाहिलास का, की अजून ‘दिवाळीत बघू’?

सई रविवारी तुला फोन करणार आहे, तुझ्या आशीर्वादासाठी म्हणे. तिला एवढं सांग की सही करायच्या आधी छप्पर, पाया आणि पूरविम्याचा हप्ता या तिन्हींची माहिती काढ, आणि वर्षभर भाड्यानं राहून बघ. एवढंच. होडी परत पाठवल्याचा किस्सा सांगायचा नाही. सांगितलास, तर प्लास्टरचा निम्मा खर्च तू द्यायचास.

तुझा,
बाळ्या