अमावस्येला मी कांबोईला असते

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि. वगैरे. फोनवर सांगायचं तर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मागून दादाचा टीव्ही, म्हणून लिहूनच टाकते. आई, तूच वाचून दाखव, बाबांचा ऑपरेशनचा डोळा अजून नीट बसला नसेल.

तर मी नोकरी सोडली. जूनमध्येच. आणि इथेच बडोद्याच्या युनिवर्सिटीत, सायन्स फॅकल्टीत, एमएस्सी झूलॉजीला ऍडमिशन घेतलीये. वर्गात सगळी 22 वर्षांची पोरं आणि त्यात 43 ची मी, पहिल्या दिवशी मला मॅडम समजून उभी राहिली बिचारी. चार महिने लपवलं ते चुकलंच माझं. पण बाबा, बीएस्सी झाल्यावर मी गोव्याला समुद्राचं शिकायला जाते म्हटलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय का, बडोद्याच्या माणसाला समुद्राशी काय देणंघेणं, आपल्याला सुरसागर तलाव आहे तेवढा बास. सगळे हसले, मी पण हसले, आणि मग 20 वर्षं औषधाच्या गोळ्यांच्या बॅचेस तपासत बसले.

बरं समुद्र होता कुठे, तर 75-80 किलोमीटरवर. पादरा-जंबुसर करत आपण कावी-कांबोईला स्तंभेश्वराला गेलो होतो ना, ओहोटीला दर्शन आणि भरतीला पिंडी पाण्याखाली, तेव्हा मी मागच्या चिखलात उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले, बाबांनी दंड धरून ओढलं, चप्पल आतच राहिली आणि वर धपाटा मिळाला तो वेगळा. त्याच चिखलात आता माझं प्रोजेक्ट चाललंय. खेकडे मोजते.

आई, तू अमावस्येला प्रवास करू द्यायची नाहीस आणि मी आता मुद्दाम अमावस्या-पौर्णिमा बघूनच निघते, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही तेवढीच आत जाते आणि लांबपर्यंत चिखल उघडा पडतो. कांबोईसमोरचं खंबायतचं आखात नरसाळ्यासारखं आहे, आत येता येता निमुळतं आणि उथळ होत जातं, त्यामुळे पाणी चढतच जातं, भावनगरकडे तर भरती-ओहोटीत 10 मीटरच्या वर फरक पडतो. म्हणजे आपल्या दांडिया बाजारच्या घराची गच्ची बुडेल. घाबरू नका, एकटी नसते, आणि पाणी वळायच्या आधी आम्ही बाहेर असतो.

काम म्हणजे काय तर पीव्हीसी पाइपची चौकट चिखलावर ठेवायची आणि आतली बिळं मोजायची. सावली पडली की सगळे बिळात, मग हलायचं नाही, माशी बसली तरी नाही. थोड्या वेळाने आधी देठावरचे डोळे वर येतात, मग खेकडा. फिडलर म्हणतात याला. नराची एक नांगी अवाढव्य, ती हलवून हलवून मादीला बोलावतो, पण जेवायला तिचा उपयोग शून्य, छोट्या नांगीने एकेक घास. मादी दोन्ही हातांनी जेवते. (आई हसली असणार.) चिखल तोंडात घालून त्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्याच्या गोळ्या बाहेर टाकतात, बिळाभोवती साबुदाणा सांडल्यासारखं दिसतं. शिवाय निवट्या, इकडे लेवटा म्हणतात, मासा असून चिखलावर उड्या मारतो, अंग ओलं असलं की कातडीतूनही श्वास घेतो. त्याच्याकडे बघत माझं मोजायचंच राहतं.

आता हे खास बाबांसाठी. द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं ना, तिथल्या समुद्रातल्या जिवांची पाहणी आपल्या महाराजांनी जेम्स हॉर्नेल नावाच्या साहेबाकडून करून घेतली होती, 1905 च्या सुमाराला, रिपोर्टचा पहिला भाग 1909 मध्ये छापला. मुखपृष्ठावर ‘गव्हर्नमेंट ऑफ बडोदा’ला सादर म्हणून. तुम्ही जन्मभर सयाजीरावांच्या गोष्टी सांगितल्या आणि नेमकी हीच कशी राहिली हो?

पैशांचं पीएफमधून भागतंय, काळजी नको.

दिवाळीला या, पण नंतर पंधरा दिवस जास्त राहा, म्हणजे पौर्णिमेला कांबोईला जाऊ. गुडघ्यांमुळे आईला वरच खुर्ची टाकून देईन, बाबांना दर्शन झालं की काठापर्यंत नेईन, धरायचं काम या वेळी माझं. जुन्या चपला घालून या.

आणि दादाला एवढ्यात सांगू नका, तो आधी फी विचारेल.

तुमची,
ताई