रात्रपाळीच्या लॅब टेक्निशियन ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

काकूंचे पित्ताशयाच्या ऑपरेशनचे टाके काल निघाले. जखम कोरडी आहे. रक्त न थांबण्याची भीती मुळातच खोटी होती हे तुम्ही दाखवून दिलंत, म्हणून हे पत्र.

ऑपरेशनआधी काकूंच्या अंगावर लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, आणि रिपोर्टवर प्लेटलेट्स १४,०००! आधीच्या लॅबनं काय केलं, तर तीच जांभळ्या झाकणाची ट्यूब पुन्हा यंत्रात घातली आणि आणखी घसरलेला आकडा ठळक छापून दिला. घसरणारच होता. ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे प्लेटलेटवरच्या प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काहींच्या रक्तातल्या अँटिबॉडी नेमक्या तिथेच चिकटतात आणि ट्यूबमध्ये पुंजके होतात, शरीरात नव्हे. रक्त जितकं गार होईल, जितका वेळ पडून राहील, तितके जास्त. यंत्र कण मोजतं आकारावरून, त्यामुळे पुंजका प्लेटलेट्समध्ये धरला जात नाही, उलट कधी पांढऱ्या पेशींत जमा होतो. १९६९ सालच्या शोधनिबंधात नोंदलेली ही गोष्ट. तरीही काकूंना आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं तो आजार) ठरवून स्टिरॉइड द्यायची आणि प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवायची तयारी झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची स्लाइड पाहायचं एकालाही सुचलं नाही, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही काचेवर रक्ताचा थर पसरून लेशमन स्टेन या रंगानं स्लाइड केलीत आणि आधी तिच्या कडा आणि शेपटीकडचा, म्हणजे थर संपतो तिथला, भाग पाहिलात, कारण पुंजके तिकडेच ओढले जातात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये खुणेपर्यंत ताजं रक्त, लगेच मोजणी. ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचा द्रव असतो, म्हणून आकड्याला १.१ नं गुणायचं; हे फार जण विसरतात. १,८०,००० चे झाले १,९८,०००. काहींच्या प्लेटलेट्स सायट्रेटमध्येही चिकटतात, म्हणून त्या रक्ताचीही स्लाइड तुम्ही पाहिलीत. पुंजके नव्हते.

पण सगळ्यात जास्त मनाला लागली ती तुमची चिठ्ठी. रिपोर्ट दिल्यावर तुमचं काम संपलं होतं. तरी तुम्ही काकूंच्या खाटेपाशी आलात आणि त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिलंत: ‘माझ्या प्लेटलेट्स जांभळ्या ट्यूबमध्ये चिकटतात. निळी ट्यूब वापरा, स्लाइड पाहा.’ हा प्रकार वर्षानुवर्षं टिकू शकतो. उद्या डेंगीच्या दिवसांत साध्या तापासाठी रक्त तपासलं, तर हीच धावपळ नव्यानं सुरू झाली असती. समोरच्या नमुन्यामागे एक बाई आहे आणि तिला पुढेही कुठेतरी रक्त द्यावं लागणार आहे, इतका विचार करणारी माणसं रुग्णालयात पडद्याआड राबतात. त्यांचं नाव रिपोर्टवर बहुधा नसतं.

चिठ्ठीच्या प्रती सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या फाइलला लावल्या आहेत. मूळ चिठ्ठी काकू कुणाला देत नाहीत.

तुमचे ऋणी,
काकूंच्या घरचे सगळे